तारेच्या लांबीचे गणित मांडणारा शास्त्रज्ञ

मुंबईहून निघालेला आग्रा रस्ता कसाऱ्याला थळ घाट चढून नाशिककडे वळतो. कसाऱ्याहूनच एक फाटा विहीगाव, खोडाळा करीत मोखाड्याला आणि पुढे जव्हारला जातो. एकोणिसाव्या शतकात मोखाडा हा ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेटा होता आणि जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. या डोंगराळ मुलखाच्या कडेने, आग्रा रस्त्याची वाट धरून, १८५४ साली मुंबई-आग्रा तारायंत्राची तार उत्तरेकडे गेली. येथील पाऊस धुवांधार. खांब भिजले, विद्युतरोधक ओले झाले की तारेतील प्रवाह वाटेतच जमिनीत झिरपे आणि पुढच्या ठाण्यावरील यंत्र मंदावे. उघड्या तारेचे दुखणे हे असे होते. ते डोळ्यांना दिसत असे आणि खांबावर चढून दूरही करता येत असे.

फेब्रुवारी १८७० मध्ये मुंबईच्या किनाऱ्यावरून दुसरीच एक तार निघाली. ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने ती अरबी समुद्राच्या तळाशी सोडीत एडनपर्यंत नेली. या तारेला ना खांब होते ना पाऊस. तांब्याचा गाभा, त्यावर गटापर्चाचे जाड आवरण आणि बाहेर लोखंडी तारांचे चिलखत, अशी ती सुरक्षित होती. तरीही तिला एक दुखणे होते. ते डोळ्यांना दिसणारे नव्हते आणि तार जितकी लांब तितके ते बळावत जाई. तार कोठेही तुटलेली नसताना, प्रवाह कोठेही गळत नसताना, केवळ लांबीमुळे संदेश वितळून जात असे. या दुखण्याचे निदान गणिताने करणारे आणि त्यावर उतारा शोधणारे शास्त्रज्ञ म्हणजे विल्यम थॉमसन, अर्थात लॉर्ड केल्व्हिन. शाळेतल्या पुस्तकात तापमानाच्या एककापुरते आपल्याला भेटणारे हे नाव. मुंबई आणि लंडन काही तासांच्या अंतरावर आली, त्यामागेही तेच नाव आहे.

थॉमसन यांचा जन्म २६ जून १८२४ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. वडील जेम्स थॉमसन हे गणिताचे शिक्षक. विल्यम सहा वर्षांचे असतानाच आईचे छत्र हरपले आणि मुलांचे शिक्षण वडिलांनीच हाती घेतले. पुढे वडील ग्लासगो विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले आणि कुटुंब स्कॉटलंडमध्ये आले. तेथे वयाच्या दहाव्या वर्षी विल्यम यांचे नाव विद्यापीठाच्या पटावर लागले. सोळाव्या वर्षी त्यांच्या हाती फूरिए या फ्रेंच गणितज्ञाचा उष्णतेच्या वहनावरील ग्रंथ पडला. पंधरवड्यात त्यांनी तो वाचून काढला आणि पुढच्याच वर्षी त्यातील गणिताची बाजू घेणारा पहिला निबंध प्रसिद्ध केला. तापलेल्या धातूतून उष्णता कशी पसरते, हे सांगणाऱ्या या ग्रंथाने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. समुद्रातील तारेचे कोडे उकलण्याची किल्ली त्यातच होती, हे मात्र कळायला आणखी चौदा वर्षे जावी लागली.

केंब्रिजला १८४५ मध्ये ते गणिताच्या परीक्षेत दुसरे आले. नंतर पॅरिसला रेन्यो यांच्या प्रयोगशाळेत काही काळ काढून १८४६ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, ते ग्लासगो विद्यापीठात निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक झाले. ही जागा त्यांनी ५३ वर्षे सांभाळली. केंब्रिजकडून बोलावणी आली तरी ग्लासगो सोडले नाही. निरपेक्ष तापमानाची कल्पना त्यांनी १८४८ मध्ये मांडली, तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते.

तारांचा प्रश्न त्यांच्यापुढे आला तो १८५४ मध्ये. डोव्हर ते कॅले ही इंग्लिश खाडीतील तार १८५१ मध्ये सुरू झाली होती आणि आता थेट अटलांटिक ओलांडण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. पण जमिनीखालून किंवा पाण्याखालून नेलेल्या तारांत एक विचित्र प्रकार दिसे. एका टोकाला कळ दाबली की दुसऱ्या टोकाला प्रवाह झटकन येत नसे. तो हळूहळू चढे आणि कळ सोडल्यावर हळूहळूच उतरे. मायकेल फॅरडे यांनी त्याचे कारण ओळखले. आत तांबे, मध्ये विद्युतरोधक, बाहेर पाणी, अशी ही रचना म्हणजे मैलोगणती लांबीचे विद्युतभाराचे भांडेच होते. ते भरल्याशिवाय प्रवाह पुढे सरकत नाही आणि रिकामे झाल्याशिवाय थांबत नाही. खांबावरच्या तारेभोवती हवा असते, जमीन दूर असते, म्हणून तिच्यात हा साठा फारच थोडा. कारण समजले, तरी माप कोणी काढले नव्हते. किती लांबीला किती विलंब? स्टोक्स या गणितज्ञ मित्राने विचारणा केली आणि थॉमसन यांनी ऑक्टोबर १८५४ मध्ये पत्रांतूनच उत्तर धाडले. पुढच्या वर्षी ते रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

थॉमसन यांच्या ध्यानात आले की, तारेतील विद्युतदाबाचे समीकरण हे अक्षरशः फूरिए यांचे उष्णतेचे समीकरण आहे. लोहाराच्या भट्टीत लोखंडी कांबेचे एक टोक घालावे, दुसरे हातात धरावे. भट्टीतले टोक लाल झाले तरी हातातल्या टोकाला ऊब पोचायला वेळ लागतो. आणि भट्टीतले टोक दर क्षणाला आत-बाहेर केले, तर हाताला त्या खेपा वेगवेगळ्या मोजता येणार नाहीत. सगळ्यांची मिळून एक संथ ऊब तेवढी जाणवेल. समुद्रतारेतील ठिपके आणि रेघा अशाच एकमेकींत मिसळून जात होत्या.

समीकरणातून निघालेला नियम साधा पण जबरदस्त होता. विलंब लांबीच्या प्रमाणात नव्हे, तर लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तार दुप्पट लांब केली की तिचा एकूण रोध दुप्पट आणि भार साठविण्याची क्षमताही दुप्पट होते, म्हणून विलंब चौपट. इंग्लिश खाडीतील तार सुमारे २५ मैलांची होती. त्याच जाडीची तार २,००० मैल नेली, तर लांबी ८० पट आणि विलंब ६,४०० पट! खाडी ओलांडणाऱ्या तारेचा अनुभव महासागराला लावता येणार नाही, असा याचा अर्थ होता. त्यावरचा उतारा त्याच गणितात होता. तांब्याचा गाभा आणि आवरण या दोहोंची जाडी लांबीच्या प्रमाणात वाढवली, तर विलंब पूर्वीइतकाच राहील. मात्र दुप्पट लांबीसाठी दुप्पट व्यास म्हणजे दर मैलाला चौपट माल आणि एकंदर आठपट. भांडवल घालणाऱ्या मंडळींना हा हिशेब रुचणारा नव्हता.

रुचेल असा हिशेब सांगणारा माणूस त्यांना मिळालाही. वाइल्डमन व्हाइटहाउस हे ब्रायटनचे शल्यवैद्य विजेच्या प्रयोगांकडे वळले होते. वर्गाचा नियम ही कागदावरची कल्पना आहे, प्रत्यक्ष तारांवर ती दिसत नाही, असे त्यांनी १८५६ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत आपल्या प्रयोगांच्या आधारे मांडले. त्यांच्या मते बारीक तार पुरे होती, फक्त विजेचा दाब भक्कम हवा होता. थॉमसन यांनी नियतकालिकातून उत्तर दिले, की प्रयोग चुकीचे नसून त्यांचा लावलेला अर्थ चुकीचा आहे. अटलांटिक टेलिग्राफ कंपनी त्याच वर्षी स्थापन झाली. व्हाइटहाउस तिचे वीजतज्ज्ञ झाले, तर थॉमसन संचालक मंडळावर आले. पण तोवर तारेची मागणी नोंदवून झाली होती. सागरी मैलाला १०७ पौंड तांबे, म्हणजे थॉमसन यांना हवे होते त्यापेक्षा पुष्कळच कमी.

आपले ऐकले गेले नाही म्हणून थॉमसन रुसून बाजूला झाले नाहीत. बारीक तारेतून जेवढे साधेल तेवढे साधावे, म्हणून ते कामाला लागले. कारखान्यातून आलेल्या तांब्याचे नमुने तपासताना त्यांना आढळले की, दिसायला सारख्या तारांची वहनक्षमता शुद्धतेप्रमाणे कमालीची बदलते. तोपर्यंत तांबे म्हणजे तांबे, असाच समज होता. त्यांच्या आग्रहामुळे पुढे कारखान्यातच तांब्याची कसोटी घेण्याची पद्धत पडली.

दुसरे काम अधिक नाजूक होते. तारेच्या पलीकडच्या टोकाला पोचणारा प्रवाह मंद चढतो, हे खरे. पण तो पूर्ण चढेपर्यंत थांबायचे कशाला? चढू लागल्याची पहिली चाहूलच टिपता आली, तर पुढची खूण लगेच धाडता येईल. त्यासाठी त्यांनी १८५८ मध्ये आरशाचे गॅल्व्हॅनोमीटर सिद्ध केले. रेशमाच्या धाग्यावर टांगलेला इवलासा आरसा, त्याच्या पाठीला चिकटवलेली चिमुकली चुंबके, भोवती तारेचे वेटोळे. दिव्याचा किरण आरशावर पडून समोरच्या पट्टीवर परावर्तित होई. तारेतील किंचित प्रवाहानेही आरसा हले आणि पट्टीवरचा प्रकाशाचा ठिपका डावी-उजवीकडे सरके. वजन नसलेल्या या किरणाचीच त्यांनी काटा म्हणून योजना केली होती.

तार टाकण्याचा पहिला प्रयत्न ऑगस्ट १८५७ मध्ये तार तुटून फसला होता. १८५८ च्या जूनमध्ये ‘अ‍ॅगॅमेम्नॉन’ जहाज वादळात सापडले. पोटातील तारेच्या ओझ्याने ते कलंडते की काय, अशी अवस्था झाली. थॉमसन जहाजावरच होते. तार पुन्हा पुन्हा तुटली, पुन्हा जोडली गेली आणि अखेर ५ ऑगस्ट १८५८ रोजी दोन्ही किनारे जोडले गेले. अमेरिकेत दिवाळी झाली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश अमेरिकेच्या अध्यक्षांकडे गेला, त्याला लागले सुमारे १६ तास. गणिताने आपला हिशेब वसूल केला होता.

आयर्लंडच्या टोकाला व्हाइटहाउस यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब देणारी प्रचंड वेटोळी जोडली होती. क्षीण संदेशाला जोराचा धक्का द्यावा, हा त्यामागचा विचार. पण त्यांची संदेश टिपणारी यंत्रे चालेनात आणि थॉमसन यांच्या आरशावरच संदेश वाचावे लागले. तारेत बनावटीचे दोष आधीच होते, उन्हात पडून आवरणही बिघडले होते. त्यात या धक्क्यांची भर पडली. काही आठवड्यांतच तार मूक झाली.

त्या अल्पायुष्यात तारेवरून गेलेल्या एका संदेशाचा हिंदुस्थानशी थेट संबंध होता. १८५७ च्या उठावासाठी कॅनडातील दोन पलटणींना मायदेशी निघण्याचे हुकूम गेले होते. उठाव मोडत आल्याने हे हुकूम रद्द झाल्याचे १८५८ च्या ऑगस्टअखेर तारेनेच कळविण्यात आले. या दोन संदेशांनी ब्रिटिश सरकारचे पन्नास हजार पौंडांहून अधिक वाचले. तार मेली, पण तिची किंमत राज्यकर्त्यांना कळून चुकली. साम्राज्याला लांब तारा हव्या होत्या, त्या त्यांच्या कारणासाठी. लांब तारेचा स्वभाव त्यामुळे ओळखणे भाग झाले.

कंपनीने व्हाइटहाउस यांना काढून टाकले. ज्यांच्या हट्टापायी आपला सल्ला डावलला गेला, त्यांच्याविषयी मवाळपणा दाखवावा, अशी रदबदली थॉमसन यांनीच केली. लाल समुद्रातून एडनमार्गे कराचीपर्यंत १८५९-६० मध्ये टाकलेली तारही वर्ष-दोन वर्षांत निकामी झाली आणि तिच्या हमीचा बोजा सरकारी तिजोरीवर पडला. दोन मोठ्या अपयशांनंतर नेमलेल्या चौकशी समितीपुढे थॉमसन यांनी साक्ष दिली. अंदाजाने तारा टाकण्याचे दिवस तेथे संपले. रोध आणि धारिता यांची ठरीव एकके आली, प्रत्येक मैलाची मोजणी होऊ लागली. याच सुमारास बर्फावर खेळताना पडून थॉमसन यांचा पाय मोडला आणि थोडे लंगडणे जन्माचे सोबती झाले.

१८६५ च्या अटलांटिक तारेत सागरी मैलाला ३०० पौंड तांबे होते, पूर्वीच्या जवळजवळ तिप्पट. आवरणही २६१ पौंडांवरून ४०० पौंडांवर गेले होते. ‘ग्रेट ईस्टर्न’वरून टाकताना ती तुटून समुद्रात गेली. पण पुढच्या वर्षी, २७ जुलै १८६६ रोजी, नवी तार न्यूफाउंडलंडला पोचली आणि गेल्या वर्षीची बुडालेली तारही तळातून उचलून पूर्ण करण्यात आली. आता मिनिटाला आठ शब्द जाऊ लागले. लॅटिमर क्लार्क या अभियंत्याने दोन्ही तारा पलीकडच्या टोकाला जोडून घेतल्या आणि शिवणकामाच्या चांदीच्या टोपणात आम्लाचे काही थेंब व जस्ताचा तुकडा घालून केलेल्या बॅटरीने अटलांटिक जाऊन-येऊन ओलांडला. दोन हजार व्होल्टने जे बिघडवले, ते टोपणभर आम्लाने साधले. क्षीण संदेशावर उपाय म्हणजे मोठ्याने ओरडणे नव्हे, बारकाईने ऐकणे, हे थॉमसन यांचे सूत्र यापेक्षा स्पष्ट रीतीने सिद्ध होणे शक्य नव्हते. त्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

मुंबईची तार टाकली गेली ती या शहाणपणानंतर. लंडनपासून मुंबईपर्यंत अखंड तार टाकण्याचा विचारही कोणी केला नाही. पोर्थकर्नो, जिब्राल्टर, माल्टा, अलेक्झांड्रिया, सुएझ, एडन अशा टप्प्यांनी ती आली. एकट्या एडन-मुंबई टप्प्याची लांबी सुमारे १,८०० सागरी मैल होती. यात राजकारण आणि व्यापार होताच, पण वर्गाचा नियमही होता. एक तार मधोमध तोडून तेथे ठाणे बसवले, तर प्रत्येक भागातील विलंब चौथाईवर येतो. ठाण्यावरचा तारबाबू आलेला संदेश वाचून पुढच्या तारेवर पुन्हा ताजा करून धाडी. थॉमसन यांनी १८६७ मध्ये शोधलेला सायफन रेकॉर्डर पुढे पूर्वेकडील तारांवर रूढ झाला. काचेच्या केसाएवढ्या नळीतून कागदाला न टेकता शाईचे तुषार पडत आणि सरकत्या पट्टीवर नागमोडी रेघ उमटे. अंधाऱ्या खोलीत ठिपक्याकडे डोळे लावून बसण्याचे कष्ट त्यामुळे वाचले.

जून १८७० मध्ये लंडन-मुंबई मार्ग खुला झाला आणि २३ जूनच्या रात्री लंडनमध्ये त्याचा मोठा सोहळा झाला. थॉमसन यांच्या घरात मात्र त्या महिन्यात शोक होता. १८५२ मध्ये विवाह झाल्यापासून सतत आजारी असलेल्या त्यांच्या पत्नी मार्गारेट १७ जून रोजी निवर्तल्या. त्याच वर्षी थॉमसन यांनी ‘लाला रुख’ नावाची शिडाची नौका घेतली आणि त्यांचा पुष्कळ काळ समुद्रावर जाऊ लागला. जहाजाचा सुधारलेला होकायंत्र आणि पियानोच्या तारेने खोली मोजण्याचे यंत्र ही त्यातूनच निघालेली कामे. तारेच्याच एका मोहिमेत मदिरा बेटावर ओळख झालेल्या फ्रान्सिस ब्लँडी यांच्याशी १८७४ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला.

थॉमसन यांच्या हातून चुकाही झाल्या. पृथ्वीचे वय त्यांनी फारच कमी धरले आणि भूशास्त्रज्ञांशी दीर्घ वाद घातला. त्यांचा तारेचा नियमही सर्वकाळ पुरणारा नव्हता. दूरध्वनी आल्यावर ब्रिटिश टपाल खात्याचे वीजतज्ज्ञ विल्यम प्रीस यांनी तोच नियम दूरध्वनीच्या तारांना लावून, तारेतील प्रेरकत्व वाढू देऊ नये, असा आग्रह धरला. ऑलिव्हर हेविसाइड या एकलकोंड्या, स्वयंशिक्षित माजी तारबाबूने दाखवून दिले की, वेगवान संकेतांना प्रेरकत्व विचारात घ्यावेच लागते आणि ते योग्य प्रमाणात वाढवले तर संकेताचा आकार बिघडत नाही. ज्या नियमासाठी थॉमसन झगडले, तो आता दुसऱ्यांच्या हाती अडसर झाला होता. १८८९ मध्ये वीज अभियंत्यांच्या संस्थेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी हेविसाइड यांच्या कामाची जाहीर प्रशंसा केली. आपल्याच गणिताची मर्यादा दाखविणाऱ्याला मान देण्याची ही वृत्ती थोरामोठ्यांतही विरळाच.

१८९२ मध्ये ते ‘बॅरन केल्व्हिन’ झाले. ग्लासगो विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या नदीचे नाव त्यांनी घेतले. १७ डिसेंबर १९०७ रोजी लार्ग्ज येथील घरी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये न्यूटनच्या समाधीजवळ त्यांना चिरविश्रांती मिळाली.

भारतातील तारसेवा १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ पासून जव्हार आणि मोखाडा पालघर जिल्ह्यात आले. पण तारेच्या लांबीचा प्रश्न संपलेला नाही, फक्त मैलांवरून हातभर अंतरावर आला आहे. जव्हारमधला एखादा विद्यार्थी मायक्रोकंट्रोलरमध्ये आज्ञावली भरू लागतो. वीतभर केबलने काम चोख होते, सोयीसाठी दोन मीटरची लावली की चिप सापडत नाही किंवा भरलेली आज्ञावली पडताळणीत चुकते. केबल तुटलेली नसते. लांबीबरोबर तिची धारिता वाढते, शून्याहून एकावर जाणारा दाब उभा चढण्याऐवजी तिरका चढतो आणि चिप त्याची नोंद घेते त्या क्षणी तो अर्ध्या वाटेवरच असतो. वेग फार असेल, तर केबलच्या टोकावरून माघारी येणारा प्रतिध्वनीही मूळ संकेतात मिसळतो. तो भाग हेविसाइड यांच्या गणिताचा. म्हणूनच चिपा जोडणाऱ्या ‘आय-टू-सी’ या पद्धतीत तारांची एकूण धारिता ४०० पिकोफॅरडपर्यंत बांधून दिली आहे आणि ‘यूएसबी २.०’ची केबल पाच मीटरपर्यंत.

यावरचे उपायही जुनेच आहेत. केबल आखूड करावी. ते जमत नसेल, तर वेग कमी करावा. तेही नको असेल, तर मध्ये एडनसारखे एखादे ठाणे, म्हणजे संकेत ताजा करणारी चिप, बसवावी. दाब वाढवून मात्र काही साधत नाही, उलट चिप जळण्याचीच भीती. १८५८ च्या उन्हाळ्यात अटलांटिकच्या तळाशी एक महागडी तार गमावून जगाने शिकलेला हा धडा आहे. तो धडा गणिताने चार वर्षे आधीच सांगून ठेवला होता.